ओल्यात चिकटायचं, ठरल्या वेळी विरायचं

शरीराच्या आत वापरायच्या ग्लूचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: किती घट्ट चिकटतो? हा प्रश्न अर्धाच आहे. टाके आपोआप विरघळतात हे आता घरोघरी माहीत आहे, ग्लूकडूनही तीच अपेक्षा असते. जखम भरून येईपर्यंत धरून ठेवायचं, मग विरून जायचं, आणि जाताना पेशींना मारक असं काही मागे सोडायचं नाही. पंचाईत अशी, की धरून ठेवणारे बंध आणि विरताना तुटायचे बंध बहुतेक वेळा एकच असतात. ताकद वाढवायला गेलं की मुक्काम लांबतो, मुक्काम आखडायला गेलं की जखम भरायच्या आत ग्लू सुटतो.

गोव्यात हा विषय हाती घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी येतात. एक, लाटांच्या माऱ्यात खडकाला धरून बसलेले शिनाणे (खडकाला चिकटणारे शिंपले). दोन, मासळी बाजारात सोलून टाकलेली सुंगटांची (कोळंबीची) सालं. शिनाण्यांची गोष्ट जास्त आकर्षक आहे, पण काम करायला सालं जास्त उपयोगाची, असं आमचं मत आहे. म्हणून हा लेख मुख्यतः सालींवर.

आधी बाजारात काय आहे ते थोडक्यात. सायनोअॅक्रिलेट जातीचा ग्लू ओलावा लागताच कडक होतो. घरातल्या झटपट गोंदात इथिल प्रकार असतो. त्वचेवरची जखम बंद करायला लांब साखळीचा ऑक्टिल प्रकार वापरतात, त्याला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. साखळी जितकी आखूड तितका ग्लू लवकर विघटित होतो, आणि विघटनातून फॉर्माल्डिहाइड व सायनोअॅसिटेट सुटतं. म्हणजे लवकर विरणारा प्रकार विषारी आणि कमी विषारी प्रकार विरायला संथ. त्यामुळे हा ग्लू बाहेरून त्वचेवर ठीक, आत नको. फायब्रिन ग्लू रक्त गोठण्याची शेवटची पायरीच बाहेर घडवून आणतो: एका सिरिंजमध्ये फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन. शरीराला तो परका वाटत नाही, दोनेक आठवड्यांत शोषला जातो, पण पकड कमजोर आणि कच्चा माल मानवी प्लाझ्मा. गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन ४५ टक्के आणि ग्लुटराल्डिहाइड १० टक्के अशी एक जोडी महाधमनीच्या शस्त्रक्रियेत वापरली जाते. ती भक्कम आहे, पण ग्लुटराल्डिहाइड पेशींना सोडत नाही आणि विरण्याचं नाव घेत नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे ग्लू स्वच्छ आणि चार ते आठ आठवड्यांत जाणारे, मात्र पाणी पिऊन फुगतात. मेंदूच्या आवरणावर लावायच्या एका प्रकाराच्या माहितीपत्रकात ५० टक्क्यांपर्यंत फुगण्याची सूचना असते. कवटीत किंवा मणक्यात, जिथे हलायला जागा नाही, तिथे एवढं फुगणं म्हणजे मज्जातंतूवर दाब.

शिनाणे ज्या धाग्यांनी खडक धरतात त्यांत डोपा नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. त्यातला कॅटेकॉल गट पाण्याला बाजूला सारून पृष्ठभाग पकडतो. हे रसायन सुंदर आहे, यात शंका नाही. पण १ ग्रॅम प्रथिन काढायला सुमारे १०,००० शिंपले लागतात, असा आकडा सर्रास दिला जातो. म्हणून बहुतेक लोक कॅटेकॉल दुसऱ्या बहुवारिकाला (पॉलिमरला) जोडून काम भागवतात. मग अडचण येते ऑक्सिजनची: शरीराच्या पीएचला, म्हणजे ७.४ ला, कॅटेकॉलचं क्विनोन होतं, द्रावण आधी गुलाबी, मग तपकिरी पडतं, आणि सिरिंजमध्ये असतानाच निम्मी पकड खर्च होते. शिवाय शिनाण्याला सुटायचंच नसतं. आपल्याला सुटायचं आहे.

सालींचं काम

सुंगटांच्या सुकलेल्या सालीत ढोबळमानाने एक तृतीयांश ते निम्मं कॅल्शियम कार्बोनेट, साधारण तेवढंच प्रथिन आणि २० ते ३० टक्के कायटिन (साखरेच्या एककांची लांब साखळी) असतं. कायटिनवरचे अॅसिटिल गट काढले की कायटोसान होतो. रक्तस्राव थांबवणाऱ्या पट्ट्यांमध्ये तो २००० नंतरच्या दशकापासून वापरात आहे, कारण त्याचा धन प्रभार तांबड्या पेशींना गोळा करतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने सालींपासून कायटिन-कायटोसान काढण्याच्या पद्धतीवर बरंच काम केलेलं आहे, त्यामुळे चाक नव्याने शोधायची गरज नाही. प्रयोगशाळेत ५०-१०० ग्रॅमच्या घाण्यासाठी पुढचा क्रम चालतो.

सालं एकाच जातीच्या सुंगटांची घ्या. डोकी वेगळी काढा, त्यात चरबी आणि पाचक रस असतात. सोलल्यापासून काही तासांत धुऊन सुकवायला लागा, नाहीतर उणे २० अंशांत ठेवा. उन्हात सुकवणं हिवाळ्यात चालेल, जून ते सप्टेंबरमध्ये नाही. त्या दमट हवेत सालीवर दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते, आणि बुरशीच्या पेशीभित्तीतलं ग्लुकान पुढे एंडोटॉक्सिनच्या (जिवाणूंच्या पेशीभित्तीतल्या ताप आणणाऱ्या विषाच्या) चाचणीत नको ते आकडे दाखवतं. ट्रे ड्रायरमध्ये ६० अंशांवर रात्रभर, मग दळून अर्धा ते एक मिलिमीटरच्या चाळणीतून. आणखी एक स्थानिक बाब: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत बाजारात येणारी सुंगटं खाडीची, मानशीची (खाजणाच्या बांधातल्या दारावर पकडलेली) किंवा शीतगृहातली. म्हणजे माल बदलला. वर्षभराचा साठा मे महिन्याआधी सुकवून ठेवलेला बरा.

पहिली पायरी खनिज काढण्याची. दर ग्रॅम भुकटीला १५ मिलिलिटर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, तेही थोडं थोडं, कारण कार्बन डायऑक्साइडचा फेस बघता बघता भांड्याबाहेर येतो. भांडं द्रावणाच्या तिप्पट मोठं घ्या. खोलीच्या तापमानाला दीड-दोन तास. बुडबुडे थांबले आणि द्रावण आम्लधर्मीच राहिलं की थांबा. रात्रभर ठेवून द्यायचा मोह टाळा. आम्ल साखळ्या तोडत बसतं, आणि त्याचा पत्ता पुढे चिकटपणा मोजताना लागतो. चांगल्या नमुन्याची राख १ टक्क्याच्या आत येते.

दुसरी पायरी प्रथिनं काढण्याची: १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ग्रॅमला १० मिलिलिटर, ८० अंशांवर दोन-तीन तास. गाळून पुन्हा ताज्या अल्कलीत. गाळलेल्या पाण्यात प्रथिन सापडेनासं होईपर्यंत हे करायचं, चाचणीआधी नमुना उदासीन करून. इथे कंजुषी नको. सुंगटांची अॅलर्जी ज्या ट्रोपोमायोसिनमुळे होते ते उष्णतेला दाद न देणारं प्रथिन आहे, आणि उरलेलं प्रथिन ही वैद्यकीय वापरातली पहिली आक्षेपाची जागा. गुलाबी रंग घालवायला अनेकजण ब्लीच टाकतात. टाकू नका, साखळ्या तुटतात. अॅसिटोन किंवा इथेनॉलने रंग जातो.

तिसरी पायरी अॅसिटिल गट काढण्याची, खरी कसोटीची. ४५ ते ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये १०० ते ११० अंशांवर दोन ते चार तास, नायट्रोजनच्या प्रवाहाखाली. नायट्रोजन वगळला तर ऑक्सिजन साखळ्या खातो. काचेचं भांडं वापरू नका, गरम तीव्र अल्कली काच झिजवते आणि सिलिका तुमच्या कायटोसानमध्ये येते. ३१६ जातीचं स्टेनलेस स्टील किंवा टेफ्लॉन. हे द्रावण डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चेहऱ्याची ढाल आणि कोपरापर्यंतचे हातमोजे हवेतच. वापरलेली अल्कली आम्लाच्या सांडपाण्याने उदासीन करूनच सोडायची. एक किलो सुक्या सालीतून शेवटी दीडशे-दोनशे ग्रॅम कायटोसान हाती आला तर काम नीट झालं असं समजा.

आता एक कडू गोष्ट. एवढं करून मिळालेला माल शिकायला, प्रबंधाला, प्राथमिक चाचण्यांना ठीक. माणसाच्या शरीरात जाणाऱ्या उत्पादनासाठी वैद्यकीय दर्जाचा, प्रत्येक घाण्याचं प्रमाणपत्र असलेला कायटोसान विकत घ्यावा लागतो. बाजारातल्या सालीचा माग काढता येत नाही, आणि माग नसलेल्या मालाला परवाना नाही.

अॅसिटिल गट किती ठेवायचे

ग्लू किती दिवसांत विरणार हे बऱ्याच अंशी इथेच ठरतं, म्हणून जरा थांबू. शरीरात कायटोसान तोडायचं काम प्रामुख्याने लायसोझाइम करतं. हे विकर (एन्झाइम) साखळीत सलग तीन-चार अॅसिटिलयुक्त एककं सापडली तरच नीट पकड घेतं. म्हणजे अॅसिटिल जितके जास्त काढले, तितका कायटोसान जास्त दिवस राहणार. ९५ टक्के डीअॅसिटिलेशनचा (म्हणजे ९५ टक्के एककांवर अॅसिटिल नसलेला) नमुना महिनोन्‌महिने तसाच पडून राहू शकतो, ७० ते ८० टक्क्यांचा पुष्कळ लवकर जातो. पण चिकटायला लागणारे अमाइन गट डीअॅसिटिलेशनमधूनच येतात. सुरुवातीला म्हटलेली पंचाईत ती हीच. आतड्याच्या जोडासाठी एक-दोन आठवडे पकड हवी असेल तर ७५ ते ८५ टक्क्यांच्या पट्ट्यात राहावं. त्याहून वर जाऊन ताकद मिळवण्यापेक्षा दुसऱ्या घटकाचं प्रमाण बदलावं.

डीअॅसिटिलेशनचा आकडा प्रोटॉन एनएमआरने काढा. इन्फ्रारेडचा आकडा अंदाजापुरताच, बेसलाइन कुठून ओढली यावर दहा टक्के इकडे-तिकडे होतो.

दुसरी सिरिंज

कायटोसानच्या अमाइनशी जोडी जमवायला आम्ही ऑक्सिडाइझ केलेला डेक्स्ट्रान सुचवू. डेक्स्ट्रान शिरेतून देण्याच्या द्रवांमध्ये जुना आहे, स्वस्त आहे, आणि सोडियम पेरिआयोडेटने त्याच्या साखरेच्या कड्या उघडल्या की अल्डिहाइड गट तयार होतात. अमाइन आणि अल्डिहाइड मिळून शिफ बंध होतो. याचा मोठा गुण म्हणजे तो पाण्यात हळूहळू परत सुटतो. विरण्याची सोय बंधातच आहे.

१० ग्रॅम डेक्स्ट्रान, ४० किंवा ७० किलोडाल्टन रेणुभाराचा, २०० मिलिलिटर पाण्यात. यात साखरेची सुमारे ६२ मिलिमोल एककं आली. निम्म्या एककांइतकं पेरिआयोडेट घ्यायचं तर ६.६ ग्रॅम. ते वेगळं विरघळवून थेंबाथेंबाने घाला, भांडं अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, खोलीच्या तापमानाला चार ते सहा तास ढवळा. मग १.७ मिलिलिटर इथिलीन ग्लायकॉल घालून उरलेलं पेरिआयोडेट मारा, तासभर थांबा. साडेतीन किलोडाल्टनपेक्षा लहान रेणू बाहेर सोडणाऱ्या पिशवीत तीन दिवस डायलिसिस, दिवसातून तीनदा पाणी बदलून. शेवटचं पाणी किंचित आम्लधर्मी करून पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चच्या कागदावर टाका. कागद निळा पडला तर आयोडेट अजून आत आहे, आणखी एक दिवस. नंतर फ्रीझ ड्राय, म्हणजे गोठवून निर्वातात सुकवणं.

किती अल्डिहाइड आलं ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ०.१ ग्रॅम नमुना हायड्रॉक्सिलामाइन हायड्रोक्लोराइडच्या २५ मिलिलिटर द्रावणात, पीएच ४ ला आणलेल्या, किमान दोन तास. सुटलेलं आम्ल ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करा. ४ मिलिलिटर लागलं तर ग्रॅममागे ४ मिलिमोल अल्डिहाइड. एनएमआरमध्ये अल्डिहाइडचं शिखर बारीक दिसलं म्हणून घाबरू नये: बहुतेक अल्डिहाइड शेजारच्या हायड्रॉक्सिलशी हेमिअॅसिटल करून लपलेलं असतं. त्याच कारणाने सुकवलेला डेक्स्ट्रान पाण्यात विरघळायला वेळ लावतो. द्रावण करून ठेवू नका, काही दिवसांत पिवळं पडतं आणि पीएच उतरतो.

कायटोसानकडे परत. २ ग्रॅम, ९८ मिलिलिटर १ टक्का अॅसेटिक आम्लात रात्रभर, मग बारीक नायलॉन जाळीतून गाळून, सेंट्रिफ्यूजने बुडबुडे काढून. पीएच साडेचारच्या आसपास येईल. या पीएचला ग्लू जमणार नाही, आणि नवखे लोक इथेच आठवडे घालवतात. कायटोसानचा पीकेए, म्हणजे निम्मे अमाइन गट मोकळे असतात तो पीएच, साधारण ६.५ आहे. पीएच ५ ला शंभरातले तीनच अमाइन गट मोकळे असतात, पीएच ६ ला चोवीस. मोकळाच गट अल्डिहाइडशी जुळतो. तेव्हा बर्फात ठेवून, जोरात ढवळत, पातळ सोडियम बायकार्बोनेट थेंबाथेंबाने घालून ५.८ ते ६.० वर आणा. घाई केली तर थेंब पडतो तिथे पांढऱ्या गाठी होतात आणि त्या परत विरघळत नाहीत. ६.२ च्या वर सगळंच साकळू लागतं. डेक्स्ट्रानसाठी फॉस्फेट बफर न वापरता साधं सलाइन वापरा. फॉस्फेटने कायटोसान मिसळतानाच गाठळतो, आणि ते जमणं खरं जमणं नव्हे.

आता प्रमाण. ८५ टक्के डीअॅसिटिलेशनच्या २ टक्के द्रावणात मिलिलिटरमागे सुमारे ०.१ मिलिमोल अमाइन असतो. ४ मिलिमोल प्रति ग्रॅमचा डेक्स्ट्रान १० टक्के घेतला तर मिलिलिटरमागे ०.४ मिलिमोल अल्डिहाइड, म्हणजे चौपट. ५ टक्के घेतला तर दुप्पट. बरोबरीत ठेवलं तर सगळं अल्डिहाइड जेल जमवण्यातच संपतं आणि ऊतीला धरायला काही उरत नाही: छान जेल, पण जखमेवरून अलगद सरकून जाणारं. चौपटीत पकड उत्तम, पण न वापरलेलं अल्डिहाइड शेजारच्या पेशी मारतं. दीड ते अडीच पट या दरम्यान उत्तर असतं, आणि ते ऊतीप्रमाणे बदलतं. एडेलमन आणि आर्ट्झी या संशोधकांच्या गटाने डेक्स्ट्रान-अल्डिहाइडवर हेच दाखवलं आहे: ऊतीच्या पृष्ठभागावर अमाइन जितके, पकड तितकी. आतड्याच्या ग्लूचा आकडा यकृतावर चालेल असं धरून चालू नये.

दोन्ही द्रावणं दुहेरी सिरिंजमध्ये १:१, पुढे आठ-दहा वळणांची मिक्सिंग टिप. कायटोसान घट्ट आणि डेक्स्ट्रान पातळ, त्यामुळे दाबताना पातळ बाजू आधी धावते आणि पहिले दोन-तीन थेंब नुसता डेक्स्ट्रान येतो. ते थेंब बाहेर टाकूनच लावायला लागा. जमायला दहा ते तीस सेकंद लागावेत. पाच सेकंदांत जमत असेल तर टिप बुजते. मिनिटभर लागत असेल तर ग्लू ओघळतो. मध्येच हात थांबला की टिप बदलावी लागतेच, म्हणून एका सिरिंजबरोबर तीन टिपा ठेवतात. जागा आधी कोरडी टिपून घ्या. रक्ताच्या थरावर लावलेला ग्लू रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो आणि त्या थरासकट उचलून येतो.

मोजमापातल्या खोड्या

पकड मोजायला एएसटीएम या मानक संस्थेच्या तयार पद्धती आहेत: सरकवून तोडण्यासाठी एफ२२५५, सोलून काढण्यासाठी एफ२२५६, गळती रोखण्यासाठी एफ२३९२. डुकराची कातडी सर्वमान्य, आणि गोव्यात ती मिळवणं अवघड नाही. पण खाटिकाकडची कातडी बहुधा गरम पाण्यातून काढलेली किंवा केस जाळलेली असते. त्या उष्णतेने वरचं प्रथिन शिजतं आणि तुमचा ग्लू शिजलेल्या मांसावर मोजला जातो. न भाजलेली कातडी आधी सांगून ठेवून घ्यावी लागते, केस वस्तऱ्याने काढून, चरबी खरवडून, आतल्या बाजूवर चाचणी करावी. लगेच वापरायची नसेल तर सलाइनच्या गॉजमध्ये गुंडाळून उणे २० वर.

२५ मिलिमीटर रुंद पट्ट्या, १० मिलिमीटर एकावर एक, हलकं वजन ठेवून, ३७ अंशांच्या सलाइनमध्ये तासभर, मग मिनिटाला ५ मिलिमीटर वेगाने ओढा. ५ न्यूटनला तुटलं तर २० किलोपास्कल. फायब्रिन ग्लू सहसा दहा-वीस किलोपास्कलच्या घरात येतो, म्हणून शेजारी तो ठेवून तुलना करा, एकटा आकडा फारसं सांगत नाही. तुटल्यावर पट्ट्या बघा. ग्लू दोन्ही बाजूंना राहिला असेल तर जेल कच्चं आहे, कायटोसान वाढवा. एका बाजूने स्वच्छ निघाला असेल तर पकड कच्ची, अल्डिहाइड वाढवा. ही नोंद आकड्याइतकीच महत्त्वाची, आणि बहुतेक प्रबंधांत ती नसते.

एफ२३९२ मध्ये कोलॅजनच्या पापुद्र्याला ३ मिलिमीटरचं भोक पाडून, वर ग्लू लावून, खालून मिनिटाला २ मिलिलिटर सलाइन ढकलतात. धमनीसाठी १२० मिलिमीटर पारा ही किमान पायरी, आणि तिच्यावर बरीच जागा मोकळी हवी, कारण शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब चढतो.

विरण्याच्या चाचणीत सर्वात जास्त फसवणूक होते, बहुधा नकळत. माणसाच्या रक्तद्रवात लायसोझाइम मिलिलिटरमागे काही मायक्रोग्रॅम असतं. प्रयोगात मात्र मिलिलिटरला १ ते १० मिलिग्रॅम टाकतात, म्हणजे शेकडो ते हजारपट, आणि तेही कोंबडीच्या अंड्याचं. मग ‘सात दिवसांत विरला’ असं छापून येतं. वेगवान चाचणी जरूर करा, पण शेजारी शरीरातल्या प्रमाणाची आणि विकराशिवायचीही रांग ठेवा. शिफ बंध पाण्यानेच किती सुटतात ते शेवटच्या रांगेतून कळतं. द्रावण दोन-तीन दिवसांनी बदला, विकर थकतं. ०.०२ टक्के सोडियम अझाइड घाला, नाहीतर जंतूच तुमचा ग्लू खातील आणि श्रेय लायसोझाइमला जाईल. वजन सुकवून घ्या. ओलं वजन फुगण्यामुळे आधी वाढतं आणि विरणं झाकून टाकतं.

विरलेल्या तुकड्यांचं काय, हेही विचारा. डेक्स्ट्रानचे ४०-५० किलोडाल्टनपेक्षा लहान तुकडे मूत्रपिंडातून जातात. कायटोसानचे लहान तुकडे अखेर साखरेत जातात. मोठे, कमी अॅसिटिलचे तुकडे मात्र भक्षक पेशी गिळून बसतात, आणि सूज टिकते.

पेशींवरच्या चाचणीत, म्हणजे आयएसओ १०९९३ या वैद्यकीय उपकरणांच्या जैविक चाचण्यांच्या मानकाच्या पाचव्या भागात, अर्क काढताना जेल स्वतःच माध्यम पिऊन घेतं. ते शोषण आधी मोजून तेवढं माध्यम जास्त घाला, नाहीतर अर्क उगाच तीव्र होतो. पेशींची जीवितता ७० टक्क्यांखाली गेली तर नमुना नापास. कॅटेकॉल जोडलेला असेल तर तो एमटीटीला (जिवंत पेशींमुळे जांभळा होणाऱ्या रंगाला) पेशींशिवायच जांभळा करतो, म्हणून पेशी नसलेला एक रकाना हवाच.

निर्जंतुकीकरण आणि दमट हवा

इथे चांगले ग्लू मरतात. ऑटोक्लेव्हमध्ये अल्डिहाइडचा डेक्स्ट्रान तपकिरी होतो. इथिलीन ऑक्साइड अमाइनशी जुळतं आणि ओल्या मालात उरतं. गॅमा किरणांच्या नेहमीच्या २५ किलोग्रे मात्रेने कायटोसानच्या साखळ्या तुटतात, द्रावण पाणचट होतं, आणि सिरिंजमधलं सगळं गणित बिघडतं. वाट अशी: डेक्स्ट्रानचं पातळ द्रावण ०.२२ मायक्रॉनमधून गाळून निर्जंतुक भांड्यातच फ्रीझ ड्राय करा. कायटोसान सुका, थंड, नायट्रोजनमध्ये ठेवून गॅमा द्या, आणि मुळात थोडा लांब साखळीचा घ्या, म्हणजे तुटून जागेवर येईल. फ्रीझ ड्राय करायचा कायटोसान अॅसिटेट नको, हायड्रोक्लोराइड हवा. सुकताना अॅसेटिक आम्ल उडून जातं आणि उरलेली भुकटी पाण्यात विरघळतच नाही.

एंडोटॉक्सिनची मर्यादा उपकरणामागे २० एकक, मेंदूच्या द्रवाशी संपर्क असेल तर २.१५. धन प्रभाराचा कायटोसान ऋण प्रभाराचं एंडोटॉक्सिन धरून ठेवतो, त्यामुळे चाचणी ‘काही नाही’ म्हणते आणि ते आत असतंच. ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून किती परत मिळतं ते तपासा. ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान मिळालं तरच आकडा ग्राह्य.

गोव्यातला पावसाळा या सगळ्यावर बसलेला असतो. सापेक्ष आर्द्रता नव्वदच्या घरात असताना फ्रीझ ड्रायरमधून काढलेली वडी काही मिनिटांत ओलावा ओढून आकसते. बाटलीची बुचं यंत्राच्या आतच, निर्वातात दाबून बसवा. फ्रिजमधली बाटली लगेच उघडू नका: डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण फिरवा. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा एनएचएस प्रकार (अमाइनशी जुळणारा गट लावलेला) वापरणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं, त्या गटाचं पाण्यात फार आयुष्य नसतं. वजन करायच्या खोलीत डीह्युमिडिफायर आणि आर्द्रतेची रोजची नोंद ठेवा. साठवणीची चाचणी उष्ण आणि अतिदमट विभागाच्या अटींवर, ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवर करा.

शेवटी कागदपत्रं. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत अ आणि ब वर्गाचे उत्पादन परवाने राज्याकडून मिळतात. शरीरात पूर्णपणे शोषला जाणारा ग्लू मात्र सर्वात वरच्या ड वर्गात पडतो, तो थेट केंद्रीय परवाना प्राधिकरणाकडे जातो. त्या फाइलीत विघटनातून काय काय सुटतं याची ओळख आणि मात्रा मागतात, आयएसओ १०९९३ च्या तेराव्या भागाप्रमाणे. ती चाचणी वर्षभर चालू शकते, म्हणून घटक पक्के होताच तिचे नमुने पहिल्या आठवड्यात भिजत घाला, पकडीचे आकडे सुधारायची वाट न पाहता.